कोरड्या डोळ्यांची परीक्षा

अड्यार, चेन्नई
१९ जुलै २०२५

अनन्या,

मायना काय लिहावा ते मला ठरवता आलं नाही. सौ. आता लिहिता येत नाही, कुमारी तुला शोभत नाही, आणि श्रीमती लिहिलं तर पोस्टमनला वाटायचं माझा मकरंद गेला. म्हणून नुसतं नाव.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. घटस्फोटाच्या कागदांवर तुमच्या सह्या झाल्या त्याच आठवड्यापासून, म्हणजे दोन वर्षं झाली. मला त्याचं काही वाटत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पाठ फिरवून बसणारी मुलं मला नवीन नाहीत. नुंगंबाक्कमच्या तुझ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात यायचं, टोकन घ्यायचं आणि तू जेवून परत येईपर्यंत बाकावर बसून राहायचं, हे मला जमणार नाही. म्हणून हॉस्पिटलच्या पत्त्यावर हे पत्र. वाचणं तुला येतं, लिहिण्याचं आपण बोलायला नको.

विषय मकरंदच्या डोळ्यांचा आहे. त्याचं पुन्हा जमतंय. मुलगी पुण्याची, रुचा. नीट मराठी बोलते, एवढं तुला कळवण्यासारखं. व्हिडिओ कॉलवर दोघं छान बोलली. मग तिची आई पडद्यावर आली आणि म्हणाली, "बाकी सगळं पसंत आहे हो, पण चष्मा फारच जाड दिसतो." काही चुकीचं बोलली नाही. मुलगा छत्तीसचा, एक लग्न मोडलेलं, आणि त्यावर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा. पहिल्या दोन गोष्टी मला बदलता येत नाहीत. तिसरी येते.

हल्ली लेझरने अर्ध्या तासात चष्मा जातो. त्यातून हा तमिळ आडी महिना. या गावाची मला कायम गंमत वाटते. आडीत कोणी लग्न करणार नाही, घर बदलणार नाही, पण तळ्ळुपडीची, म्हणजे सवलतीची, पाटी लागली की रेशमी साड्यांपासून मिक्सरपर्यंत सगळं उचलून आणतील. यंदा पेपरात पानभर जाहिरात आहे, डोळ्यांच्या ऑपरेशनवरही आडी सवलत. एका डोळ्यावर दुसरा फुकट असं लिहिलेलं नाही, एवढंच.

मकरंद तयार होत नाही, आणि त्याला कारण तू. "अनन्या म्हणायची, माझे डोळे कोरडे आहेत, लेझरच्या नादी लागू नका." दोन वर्षांत या घरातली तुझी एक वाटी शिल्लक नाही, पण हे वाक्य आहे. तू डॉक्टर नाहीस. अंधाऱ्या खोलीत बसून 'हे बरं दिसतं की ते' एवढं विचारणारी बाई तू. डोळ्यांत पाणी कमी म्हणे. आम्ही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो, इथे मिठाचा डबा उघडा ठेवला तर त्याला पाणी सुटतं, आणि याचे डोळे तेवढे कोरडे.

ते वेड तूच लावलंस. रोज संध्याकाळी हॉलमध्ये, मी समोर बसलेली असताना, त्याचं डोकं मांडीवर घेऊन थेंब घालायचीस. वर काहीतरी पुटपुटायचीस. लहानपणी त्याचे डोळे आले होते, इथे त्याला मद्रास आय म्हणतात, तेव्हा एका थेंबासाठी तिघांना त्याला धरावं लागलं होतं. दरवेळी बाटली जवळ आली की डोळे गच्च. तुझ्या मांडीवर मात्र बाळासारखा पडून राहायचा. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलले असेन तर एखाद्या वेळी.

आता कामाचं. त्याला दोन ओळी लिही की तू ते उगीच म्हणाली होतीस, लेझर करायला हरकत नाही. तुझं तंजावरी मराठी आठवता, इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल.

आशीर्वाद सवयीने लिहिले जातात, लिहिले आहेत असं समज.

विमला पाटणकर


२६ जुलै

अनन्या,

तुझं कुरियर आलं. चिठ्ठी नाही, अक्षर नाही, नुसता थेंबांच्या इवल्या इवल्या कुप्यांचा खोका. एक कुपी एकदा वापरायची आणि फेकायची. मी दोन ओळी मागितल्या होत्या. तुझ्या आजी, राजसबाई, मला लग्नात म्हणाल्या होत्या, "आमची पोर फार बोलत नाही, करून दाखवते." तेव्हा मी ते कौतुक म्हणून ऐकलं होतं.

तुझ्या परवानगीवाचून आमचं अडलं नाही. मंगळवारी मकरंदला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेले. तुझ्या नाही, घाबरू नकोस. डॉक्टर त्रिपुरसुंदरी म्हणून एक बाई आहेत. नाव देवळातलं, वय माझ्या विद्यार्थिनीचं, आणि बोलणं रेशनच्या दुकानातलं. पहिलाच प्रश्न, दिवसभर स्क्रीन? हो. ए.सी.? हो. कॉन्टॅक्ट लेन्स का नाही लावत? टोचतात. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याच्या डोळ्यांतलं पाणी पिऊन टाकलंय.

मग ती परीक्षा. तुला माहीतच असेल, तुमच्या धंद्यातली आहे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि डोळे मिटून बसवतात. अश्रू जेवढे असतील तेवढा कागद भिजतो, आणि त्यावर आखलेल्या रेघांवरून मोजतात. माझा मुलगा दोन डोळ्यांत दोन कागद लोंबकळत ठेवून बसला होता. जाणारे-येणारे बघत होते. पट्ट्या काढल्या तर टोकाशी जेमतेम ओल.

मी विचारलं, पास व्हायला किती लागतं? तर बाई म्हणाल्या, "हा पेपर नाही, अम्मा." मग मला तिसरीतल्या मुलीला सांगावं तसं समजावलं. लेझरने बुबुळावरचा पडदा कापतात तेव्हा त्यातल्या बारीक नसाही कापल्या जातात. डोळा कोरडा पडलाय, पाणी पाठव, हा निरोप त्या नसाच नेतात. म्हणून ऑपरेशननंतर काही महिने सगळ्यांचेच डोळे कोरडे पडतात, बहुतेकांचे भरून येतात. पण ज्याचे आधीच कोरडे, त्याने घाई केली तर ते वर्षानुवर्षं छळू शकतं. आधी सहा महिने औषध, शेक, थेंब. मग पुन्हा मोजू. मग कदाचित हो, कदाचित नाही.

सहा महिने म्हणजे जानेवारी. रुचाची आई जानेवारीपर्यंत थांबणार आहे का?

बाहेर रिक्षात बसल्यावर मकरंदने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि म्हणाला, "झालं, नापास." हसत म्हणाला, पण ते माझ्या जिव्हारी लागलं. हा मुलगा आयुष्यात कधी नापास झाला नाही. मी होऊ दिलं नाही. दहावीला, बारावीला, एंट्रन्सला, प्रत्येक वेळी पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात काय असतं ते मी त्याला आधी शिकवलं. लग्नात तेवढा नापास झाला, पण तो विषय मी शिकवला नव्हता.

नापास झाला तर पुरवणी परीक्षा असते. जाहिरातीतल्या त्या क्लिनिकमध्ये नाव घातलं आहे. फोन नंबर माझा दिला, कारण मकरंद मीटिंगमध्ये असला की फोन उचलत नाही.

तुझ्या कुप्या फेकलेल्या नाहीत. उपयोगी पडतील.

विमला पाटणकर


३१ जुलै

अनन्या,

पास.

तुला कळवायचं काही कारण नव्हतं, पण तुझ्या त्या दोन ओळींची आता गरज उरलेली नाही, एवढं सांगायला हे पत्र. दोन्ही डोळ्यांच्या पट्ट्या छान भिजल्या. क्लिनिकमध्ये यश नावाचा मुलगा आहे, कोट घालून फिरतो, त्याचं काम डोळे तपासणं नाही, डोळे तपासायला आलेल्यांना धीर देणं. त्याने मकरंदचा हात हातात घेऊन हलवला. सोमवारी, अकरा ऑगस्टला तारीख मिळाली. आडी संपायच्या आत.

तुमच्या त्रिपुरसुंदरीबाईंचं शिक्षण कुठे झालं ते विचारायला हवं. सहा महिने म्हणे. आठवड्यात डोळे सुधारले.

मकरंद काय खूश आहे म्हणून सांगू. परत येताना मला म्हणाला, "आई, मी उगीच इतकी वर्षं घाबरत बसलो गं." घरी आल्यावर आरशासमोर चष्मा काढून उभा राहिला. आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसत नव्हतं, पण हसत होता. रुचाला फोन करून सांगितलं. तिच्या आईनेही माझ्याशी बोलून घेतलं. आवाजात फरक पडला होता. चाचणीत पास झालेल्या मुलाच्या आईशी लोक वेगळ्या आवाजात बोलतात, शाळेतही हेच बघत आले.

तयारी कशी करून घेतली ते विचारू नकोस. परीक्षा ही परीक्षा असते, तिची तयारी करायची असते, आणि ज्यांना ते कळत नाही ते सहा महिने शेकत बसतात. तुझ्या कुप्या संपल्या, एवढंच सांगते.

आणि एक. गाडीत मी स्वतः त्याच्या डोळ्यांत थेंब घातले. क्लिनिकच्या पार्किंगमध्ये सीट मागे पाडून. एकदाही डोळे मिटले नाहीत त्याने. नुसता वर बघत राहिला. म्हणजे ते काही फक्त तुझ्याच हाताला जमत होतं असं नाही.

विमला पाटणकर


६ ऑगस्ट
स्पीड पोस्टने

चि. अनन्या,

चि. लिहिलंय, त्यावरून भलते अर्थ काढू नकोस. घाईत लिहिलंय.

काल क्लिनिकमध्ये सवलतीचा कागद आणायला एकटीच गेले होते. शेजारी एक मुलगा बसला होता, मकरंदपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. काळा चष्मा घातलेला, तोही आत बसून. पंखा आमच्या डोक्यावर होता. त्याने उठून पंखा बंद केला आणि मला सॉरी म्हणाला. मी म्हटलं, उकडतंय, का बंद केलास? तो म्हणाला, "कण्णुल मणल, अम्मा." डोळ्यांत वाळू.

नाव वेंकट. मागच्या आडीत इथेच ऑपरेशन केलं. मी विचारलं, दिसत नाही का नीट? तर म्हणाला, दिसतं की, रस्त्यापलीकडच्या बसचा नंबर चष्म्याशिवाय वाचतो. फक्त डोळे उघडे ठेवता येत नाहीत. वारा नको, ए.सी. नको, ऊन नको, स्क्रीन तर नकोच. नोकरी कॉम्प्युटरवरची होती, ती सोडली. माझ्याशी बोलता बोलता त्याने खिशातून कुपी काढून थेंब घातले, थोड्या वेळाने पुन्हा घातले. तुझ्या कुप्यांसारखीच कुपी होती.

मी म्हटलं, तपासणीत कळलं नाही का? तर तो म्हणाला, डॉक्टरांनी विचारलं होतं, डोळे कोरडे पडतात का, मी नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर ऑपरेशन केलं नसतं ना त्यांनी.

शाळेत असा एखादा मुलगा दरवर्षी भेटायचा. कॉपी करून पास होतो आणि पुढच्या वर्गात जाऊन बुडतो. मी त्यांना वर्गाबाहेर उभं करत असे.

तुला आता सांगणं भाग आहे. क्लिनिकमधून माझ्या फोनवर निरोप आला होता की तपासणीआधी दोन तास डोळ्यांत काहीही घालू नका. मी मकरंदला उलट सांगितलं. म्हटलं, आधी थेंब घालायला सांगितलेत. पार्किंगमध्ये घातले आणि नाव पुकारायच्या जरा आधी पुन्हा घातले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ड्रॉप्स? मकरंद पाणी प्यायला गेला होता. मी 'इल्लै', नाही, म्हटलं. तिने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. पट्ट्या भिजल्या त्या तुझ्या थेंबांनी. त्याच्या डोळ्यांना यातलं काही माहीत नाही आणि त्यालाही नाही. तो समजतो की त्याचे डोळे बरे झाले.

आता तू म्हणशील, मग सांगा त्याला. सांगणं इतकं सोपं असतं तर मी तुला कशाला लिहिलं असतं? तो रोज सकाळी कॅलेंडरकडे बघतो. रुचाशी बोलताना मुद्दाम चष्मा काढून बसतो. आणि तो माझा मुलगा आहे. जगात एकच माणूस असं आहे जे मला कधी खोटं समजत नाही, ते मी तुझ्या उपदेशावरून घालवू का?

म्हणून तू फोन कर. तुझा नंबर त्याने अजून ठेवलाय, मी पाहिलंय. काहीही सांग. सांग की क्लिनिकचं मशीन बिघडलंय, सांग की कोणाचं वाईट झालेलं तुला कळलंय. तू सांगितलेलं तो ऐकतो, आजवर हीच तर माझी तक्रार होती. माझं नाव मात्र काढायचं नाही.

सोमवार, सकाळी दहा. तिथे आलीस तर आणखी बरं. तुला बघितल्यावर तो कोटवाला यश जरा गप्प बसेल.

तुझ्यावर हे सोपवायला मला आवडतंय असं समजू नकोस. तू या घरातून गेलीस त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती. आता दुसरं कोणी नाही म्हणून तू.

विमला


२४ ऑगस्ट

अनन्या,

तू सोमवारी आली नाहीस. मी दाराकडे तोंड करून बसले होते. दार उघडलं की थंडगार हवा बाहेर जायची आणि गरम हवा आत यायची, आणि प्रत्येक वेळी दुसरंच कोणीतरी आत यायचं. मनात तुझ्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. तंजावरच्या राजाबरोबर आलेली माणसं म्हणून मिरवता आणि नुंगंबाक्कमहून एवढं येता येत नाही.

मकरंद माझ्या शेजारी शांत बसला होता. इतका शांत की मला वाटलं, घाबरलाय. आतून एक नर्स आली आणि तिने त्याचं नाव घेतलं. तो उठला, चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "ठेव, आता लागायचा नाही."

चष्म्याशिवाय मी त्याला दिसत नाही, हे तुला माहीत आहे. समोर कोणीतरी साडीतलं आहे एवढंच कळतं. त्याचे डोळे माझ्याकडे होते, पण माझ्या तोंडावर नव्हते, जरा बाजूला, कानाशी कुठेतरी. माझ्या हातात त्याचा चष्मा, काचा अजून गरम. तो मला बघू शकत असता तर मी बोलले नसते. बघू शकत नव्हता म्हणून बोलले. सगळं. थेंब, पार्किंग, इल्लै. मराठीत बोलत होते म्हणून तिथल्या कोणाला कळलं नाही, पण सगळे बघत होते, कारण मी रडत होते. माझे डोळे कोरडे नाहीत, हे निदान सिद्ध झालं.

त्याने हात पुढे केला, "चष्मा दे." मी दिला. त्याने तो सावकाश घातला आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला खाली बघावंसं वाटलं.

"अनन्याचा फोन आला होता," तो म्हणाला. "शुक्रवारी."

मी तुला सांगितलं होतं, माझं नाव काढायचं नाही. तू पहिल्या वाक्यात काढलंस. मशीन बिघडलंय वगैरे काही नाही. "तुमच्या आईंनीं मज लिहिलें आहे, तें तुम्हांस वाचून दाखवतें," असं म्हणून अक्षर न् अक्षर वाचलंस म्हणे. मी साखर ठेवली होती तेही. तुला तोंडावर खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं, तरी तुलाच खोटं बोलायला सांगितलं, ही माझी अक्कल.

ऑपरेशन त्याने शनिवारीच रद्द केलं होतं. सोमवारी फक्त रद्द केल्याच्या कागदावर सही करायची होती, म्हणून नर्सने नाव घेतलं. मग चष्मा का काढून दिलास, मी विचारलं. म्हणाला, "बघायचं होतं, तू बोलतेस का." आणि मग, "काठावर पास झालीस, आई."

ही युक्ती त्याची नाही, तुझी असणार. तो इतका हुशार नाही. नसेल तर मग माझ्या हाताखाली शिकलाय, आणि तेही मला फारसं आवडलेलं नाही.

पुढचं सांगते. रुचाला त्याने स्वतः फोन केला आणि सांगितलं की चष्मा जाणार नाही, निदान एवढ्यात नाही, कदाचित कधीच नाही. तर ती म्हणाली, "मी लेन्स लावते, माझा नंबर मायनस पाच आहे. आईने तुमच्याकडे सांगू नको म्हटलं होतं." आम्हा दोन आयांना एका बाकावर उभं करायला हवं. पुढच्या महिन्यात ती इकडे येते आहे. लेन्स न लावता येणार आहे, असं तिचं म्हणणं. जमेल का नाही मला माहीत नाही, आणि या वेळी मला कोणी विचारलेलंही नाही.

तो परत त्रिपुरसुंदरीबाईंकडे जातो. शेक, गोळ्या, दर वीस मिनिटांनी स्क्रीनवरून नजर काढायची, दिवसातून चार वेळा थेंब. सहा महिन्यांनी पुन्हा पट्ट्या. त्या बाईंनी मला आत बोलावलं नाही. काचेतून मान हलवली, एवढंच.

आता खरं काम. ज्यासाठी हे पत्र.

थेंब त्याला स्वतःला जमत नाहीत. चष्मा काढला की बाटलीचं तोंड दिसत नाही, अर्धे कानात जातात. म्हणून मी म्हटलं, मी घालते. तो नको म्हणाला नाही. सोफ्यावर आडवा होतो, डोकं माझ्या मांडीवर ठेवतो, अगदी मुकाट्याने. पण मी कुपी वर धरली, की थेंब पडायच्या आधी डोळे गच्च मिटतो. मद्रास आयच्या वेळी मिटायचा तसे. मी म्हणते, उघड. उघडतो. हात पुढे नेला की पुन्हा मिटतात. मुद्दाम करत नाही, मला कळतं. त्याच्या हातात नाही ते. सगळं औषध गालावरून वाहून जातं. त्या दिवशी पार्किंगमध्ये त्याने एकदाही मिटले नव्हते.

तुझ्यासमोर उघडे ठेवायचा. चार वर्षं ठेवले. थेंब घालण्यापूर्वी तू काहीतरी म्हणायचीस, रोज तेच. मी कधी नीट ऐकलं नाही. एकदा ऐकलं तेव्हा पाहुण्यांसमोर म्हटलं होतं की असं मराठी आता म्युझियममध्ये ठेवतात. तू फ्रिजवर चिठ्ठी ठेवायचीस, संध्याकाळी त्यावर माझ्या लाल पेनाच्या गोल खुणा असायच्या. पुढे तू चिठ्ठ्या ठेवणं बंद केलंस. मला वाटलं, सुधारली.

मकरंदला विचारलं, ती काय म्हणायची रे? तो म्हणाला, "आठवत नाही." त्याला आठवतं. मला सांगायचं नाहीये.

तर ते काय होतं, तेवढं मला कळव. कुरियरने खोका नको, कुप्या मी विकत आणते. चिठ्ठी पाठव. तुला जसं म्हणता येतं तसंच लिही, तुमच्या घरच्या मराठीत. मी त्यात काही दुरुस्त करणार नाही.

विमला